तिसऱ्या रविवारची हरकत

आमच्या मंडळीत लग्नाची सूचना लागोपाठ तीन रविवार उपासनेत वाचतात आणि दरवेळी शेवटी विचारतात, "या लग्नाला कुणाची हरकत असल्यास आताच सांगावी." विचारायचं म्हणून विचारतात. उत्तराची वाट कुणी बघत नाही. शिरूरच्या चर्चमध्ये मी लहानाची मोठी झाले, पण त्या प्रश्नानंतर खोकल्यापलीकडे काही ऐकल्याचं मला आठवत नाही. ऐकलं ते माझ्याच लग्नाच्या वेळी.

चौसष्ट सालचा डिसेंबर होता. वाचणारे माझे वडील होते, कारण ते मंडळीचे पाळक. दुसरा रविवार. "कुमारी ग्लॅडिस दानिएल आणि श्री. फिलिप योहान यांचा विवाह नाताळानंतर..." असं वाचून त्यांनी तो नेहमीचा प्रश्न विचारला आणि चष्मा काढायला हात वर नेला, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला.

"माझी हरकत हाय."

सगळं चर्च वळलं. उभे होते योहानमामा. म्हणजे माझे होणारे सासरे, खुद्द नवऱ्या मुलाचे वडील. मामा मूळचे शिरूरच्याच मिशन बोर्डिंगमधले, पुढे दौंडला रेल्वेत इंजिन ड्रायव्हर झाले. बायको वारलेली, फिलिप एकुलता एक. हरकत मुलीकडचे घेतील, भाऊबंद घेतील, एखादी गुपचूप केलेली पहिली बायको घेईल. नवऱ्याचा बाप घेतो हे कुणी ऐकलं नव्हतं.

"योहानराव, कारण?" वडिलांनी विचारलं. त्यांचा हात अजून चष्म्यालाच होता.

"पाळकसाहेब, पोरीला फसवायचं न्हाई म्हनून सांगतो. माझा फिलिप रोमन झालाय. त्यो पाद्री झालाय तितं. आन् पाद्र्याला लगीन चालत न्हाई."

आम्ही प्रोटेस्टंट, आमचे पाळक लग्न करतात; रोमन म्हणजे कॅथलिक, त्यांचे पाद्री जन्मभर बिनलग्नाचे. माझ्या आईनं, मार्थाबाईनं, बाकाची कड घट्ट धरली. आई जन्माची संशयी. दूधवाल्याचं माप, शिंप्याची कात्री, पावसाळ्यातलं आभाळ, सगळ्यांवर तिचा सारखाच डोळा. मीही तिचीच लेक. तरी फिलिपवर मी कधी संशय घेतला नव्हता. त्या क्षणी मात्र घेतला, आणि एकदा घेतला म्हटल्यावर पुरावे आपोआप सापडायला लागले.

फिलिप केरळात थुंबा नावाच्या गावी नोकरीला होता. सरकारनं तिथं रॉकेट उडवायचं केंद्र काढलं होतं आणि पुण्याला इंजिनिअरिंग शिकून तो तिकडे गेला होता. असं तो सांगायचा. पण काय काय सांगायचा? आमचं ऑफिस चर्चमध्ये आहे. बिशपच्या बंगल्यात आम्ही कामाला बसतो. रॉकेटचं टोक सायकलवरून नेतो. गेल्या उन्हाळ्यात साखरपुड्याला आला तेव्हा हे सगळं त्यानं हसत हसत सांगितलं होतं आणि मीही हसले होते. आता विचार केला, की आभाळात जाणारी वस्तू सायकलवरून कोण नेतं? शिवाय लग्नाला तो आदल्या दिवशी येणार आणि दोन दिवसांत परत जाणार होता. काम आहे म्हणे. इतकी घाई कुणाला असते?

उपासना सुटल्यावर आमच्या घरी मामांनी पुढचं सांगितलं.

"आक्टोबरात रजा टाकली. रेल्वेचा पास व्हता. म्हटलं, पोरगं काय करतंय बगून यावं. कुनालाच बोललो न्हाई. मद्रासवरनं फुडं गेलो. त्या गावात पोचलो तर कारखाना न्हाई, धुरांडं न्हाई. माडाची झाडं, कोळी लोक, वाळू. आन् मदी रोमन देऊळ. एका म्हातारीला 'फिलिप' म्हटलं. तिनं हात जोडलं आन् देवळाकडं बोट केलं."

"मग?" आई म्हणाली.

"मंग दारात उभा ऱ्हायलो. घटकाभरानं फिलिप देवळातनं भाईर आला. पांढरे कपडे. संगट दोघं-तिघं. सायकल घेतली आन् बिशपच्या बंगल्यात गेला."

"तुम्ही हाक नाही मारली?"

"न्हाई." मामांनी टोपी डोक्यावर ठेवली. "काय म्हनून मारायची? माघारी आलो."

वडिलांनी सोमवारी तार केली. हरकत घेतली गेली की नवऱ्या मुलानं स्वतः येऊन उत्तर द्यायचं, असा आमच्या मंडळीचा नियम. तिसऱ्या रविवारच्या आत उत्तर आलं नाही तर लग्न रद्द. आणि एकदा चर्चमध्ये मोडलेलं लग्न मुलीला आयुष्यभर चिकटतं. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. त्या आठवड्यात वर्गात शिरले की पोरी एकदम गप्प व्हायच्या. मला त्यांचा राग यायचा, फिलिपचा यायचा, आणि सगळ्यात जास्त त्या म्हातारीचा, जिनं हात जोडले.

शुक्रवारी फिलिप आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. आईनं आमच्या रीतीनं सलाम केला, पाणी दिलं आणि त्याची बॅग आत नेली. मी मागोमाग गेले. आई बॅगेतले कपडे एकेक करून हुंगत होती.

"आई, काय करतेस?"

"उदाचा वास येतो का बघते. रोमनांकडं ऊद फार." तिनं सदरा नाकाला लावला. "मासळीचा येतोय."

जपमाळही सापडली नाही. आईचं त्यानं समाधान झालं नाही. लपवणारा माणूस जपमाळ बॅगेत ठेवील कशाला, असं तिचं म्हणणं.

संध्याकाळी मामा आले. ओटीवर वडील, मामा, फिलिप. आम्ही दोघी दारात. फिलिपनं आधी सगळं ऐकून घेतलं. पाद्री झालास का, या प्रश्नाला तो हसला. मग वडिलांनी मामांच्या प्रवासाचं सांगितलं आणि त्याचं हसू गेलं.

"बाबा, तुम्ही थुंब्याला आला होता?"

मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मला बघितलंत? आणि न भेटता गेलात?"

"तू कामात व्हतास."

फिलिप माझ्या वडिलांकडं वळला. मग त्यानं वडिलांना समजावून सांगितलं. रॉकेटसाठी सरकारला नेमकी तीच जागा हवी होती, समुद्राकाठची. तिथल्या बिशपनी रविवारी आपल्या लोकांना विचारलं आणि लोकांनी चर्च आणि घरं दिली, असं तिथं सांगतात. त्यांना दुसरीकडे नवं चर्च मिळालं. जुन्यात आता टेबलं आहेत, नकाशे आहेत आणि कबुतरं आहेत. पांढरे कपडे तिथं सगळेच घालतात. म्हातारी सगळ्यांनाच हात जोडते.

"एक अख्खं चर्च दिलं?" आई म्हणाली. "आपल्याकडं एक बाक इकडचा तिकडं करायचा तर तीन सभा होतात."

वडिलांना हसू आलं. मला वाटलं, मिटलं. पण मामा पुढं सरकले.

"ऱ्हाऊ द्या चर्च. मला रॉकेटचं सांग. किती वर जातंय?"

"हवेच्या पार वर, बाबा. शंभर मैलांच्याही वर."

"तितं हवा हाय?"

"जवळजवळ नाहीच."

"मंग ढकलतंय कशाला?" मामांनी वडिलांकडं वळून बघितलं, चोर पकडून दिल्यागत. "पाळकसाहेब, मी तीस वर्सं इंजिन चालवतो. चाक रुळाला रेटा देतंय तवा गाडी फुडं जाती. रुळावर त्याल सांडलं तर चाक जाग्यावर फिरतंय, गाडी हालत न्हाई. ज्याला रेटायला काय न्हाई, ते जानार कसं? ह्यो खोटं बोलतोय. हितं खोटं, म्हंजी तितंबी खोटं."

आणि मला ते पटलं. मी शाळेत शिकवते, तरी पटलं. आईनं तर मान डोलावलीसुद्धा.

नाताळासाठी आणलेले फुगे घरात होते. फिलिपनं एक फुगवला आणि तोंड न बांधता सोडला. तो फुर्रकन ओटीभर फिरला आणि वडिलांच्या डोक्यावर पडला. "आतली हवा मागं जाते, फुगा पुढं जातो. रॉकेटमध्ये दारू जळते, तिचा वायू जोरानं मागं जातो. रॉकेट दुसऱ्या कशाला रेटत नाही. आपल्याच वायूला मागं रेटतं, आणि तो वायू त्याला पुढं रेटतो."

"फुगा हितल्या हवेला रेटतोय," मामा शांतपणे म्हणाले. "वर हवा न्हाई."

फिलिपनं दुसरा फुगा हातात घेतला आणि परत ठेवला. तो माझ्याकडं बघायला लागला. मी नजर दुसरीकडं वळवली. मग तो म्हणाला, "बाबा, उद्या दौंडला रुळावरची ट्रॉली मिळेल?"

शनिवारी पहिल्या एसटीनं मी त्यांच्याबरोबर दौंडला गेले. आई नको म्हणत होती. मी म्हटलं, लग्न माझं मोडतंय, बघायला मी जाणार.

इंजिनांच्या लोको शेडच्या मागं एक आडबाजूचा रूळ होता, पुढं मातीचा ढीग घालून बंद केलेला. त्यावर रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगवाल्यांची ट्रॉली उभी होती. चार चाकं आणि वर फळ्या, बाकी काही नाही. मामांनी आधी फळीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि ते कुठं वाहतं ते वाकून बघितलं. उतार नव्हता. चाकांना हात लावून बघितला. ओलं बोट वर धरून वारं बघितलं. मला माझ्या आईची आठवण झाली.

शेजारीच दगडांचा ढीग होता; फिलिप त्यातले मोठे दगड ट्रॉलीवर रचायला लागला.

"कोळशाच्या मोठ्या ढेपा आहेत, त्या घेऊ का?"

"रेल्वेचा कोळसा फेकायचा न्हाई," मामा म्हणाले.

फिलिप ट्रॉलीवर उभा राहिला. एक दगड दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि सगळा जोर लावून रुळाच्या दिशेनं मागं फेकला. ट्रॉली पुढं सरकली. वीतभर, पण सरकली.

"पायानं रेटलंस."

"कशाला रेटू, बाबा? मी फळीवर उभा आहे."

"खाली उतर."

मी चढले. पदर खोचला आणि दगड उचलला. माझ्या हातून तो जेमतेम चार हात गेला. ट्रॉली चार बोटं हलली. मला इतका आनंद झाला की मी लगेच दुसरा फेकला, आणि तोल जाऊन बसलेच.

मामांनी फेकायची दिशा बदलायला लावली. ट्रॉली उलट्या बाजूला गेली. मग त्यांनी मला उतरवलं, कोट काढून फिलिपकडं दिला आणि स्वतः चढले. साठीला आलेला माणूस, पण फावड्यानं भट्टीत कोळसा सारून घडलेले हात होते. दगड सणसणत गेला आणि ट्रॉली हातभर पुढं आली. मामांनी दुसरा उचलला. या वेळी ते दगडाकडं बघत नव्हते, पायाखालच्या चाकाकडं बघत होते.

"दगुड भुईवर पडायच्या आधीच गाडी हालली," ते म्हणाले.

"हो."

"म्हंजी त्यो कशाला लागला आन् मंग रेटा बसला, असं न्हाई."

"नाही, बाबा. फेकतानाच बसला. हवा असो नसो. रॉकेट सारखं फेकतच असतं, म्हणून वेग वाढत जातो. खालचा टप्पा जळून रिकामा झाला की तोही सोडून देतात. ओझं कमी होतं आणि वरचा टप्पा आणखी वर जातो."

"सोडलेला कुठं जातो?"

"समुद्रात पडतो."

मामा ट्रॉलीवर उभेच होते. त्यांनी मागं बघितलं. रुळांच्या मध्ये आमचे सगळ्यांचे दगड पडले होते.

"गाडी फुडं गेली," ते म्हणाले. "दगुड तितंच ऱ्हायलं."

फिलिप खुशीत होता. बापाला पटलं, याच्यापलीकडं त्याला काही दिसत नव्हतं. शिकलेल्या माणसांना कधी कधी असं होतं. तो ट्रॉली ढकलत गँगच्या खोलीकडं परत द्यायला गेला. मामा खाली वाकून दगड गोळा करायला लागले. रुळात दगड ठेवून जाणं त्यांच्या हाताला जमणारं नव्हतं. मीही उचलायला लागले.

तेवढ्यात पलीकडून, यार्डाच्या पार टोकाकडून, सायकलवर कुणीतरी येताना दिसलं. मला नुसता पांढरा ठिपका दिसत होता. मामा सरळ झाले आणि हात वर करून ओरडले, "गुड मॉर्निंग, फादर!" तिकडूनही हात हलला. माणूस जवळून गेला तेव्हा मी बघितला. रेल्वे कॉलनीतल्या रोमन चर्चचे फादर, पायापर्यंतचा पांढरा झगा, गळ्यात क्रूस.

माझ्या हातातला दगड तसाच राहिला. दौंडच्या कॉलनीत गोव्याकडचे रोमन ड्रायव्हर आणि गार्ड चिक्कार. मामांची उभी हयात त्यांच्यात गेलेली. यार्डाच्या त्या टोकाला असलेला पाद्री ज्या माणसाला झग्यावरून ओळखू येतो, त्याला दारातून बाहेर आलेला स्वतःचा मुलगा पाद्री आहे की नाही, हे कळू नये?

"मामा," मी म्हटलं, "थुंब्याला फिलिपनं काय घातलं होतं?"

"सांगितलं की. पांढरं."

"झगा?"

मामा दगड ढिगावर नीट रचत राहिले.

"मामा, झगा होता का?"

"सदरा," ते म्हणाले. "बाह्या वर सारल्याल्या. आन् पाटलून."

"म्हणजे तो पाद्री नाही, हे तुम्हाला तिथंच कळलं होतं."

"व्हय."

मला असा राग आला की दगड खाली टाकून दिला. सगळ्या मंडळीसमोर माझ्या वडिलांना खाली बघायला लावलं, आईची झोप उडवली, शाळेतल्या पोरींनी माझ्याकडं बघून कुजबुज केली, आणि हे सगळं खोट्यावर! मी हे सगळं त्यांना तोंडावर बोलून दाखवलं. मामांनी ऐकून घेतलं. मग ढिगावर बसले.

"त्यो हसत भाईर आला, पोरी. संगटच्या पोरांनी सायकलवर कायतरी बांधलं व्हतं आन् ते पडंल म्हनून ह्यो दोन्ही हातांनी धरून पळत व्हता आन् हसत व्हता. त्याची आई गेल्यावर माझ्या घरात त्यो असा कवा हसला न्हाई. मी हाक मारली असती तर थांबला असता. तोंड बारीक करून माझ्या म्होरं उभा ऱ्हायला असता. म्हनून न्हाई मारली." त्यांनी हात पुसले. "मंग कळलं, लगनालाबी दोन दिसांसाठीच येनार. मार्चात मी रिटायर. क्वार्टर जाईल. हरकत घेतली तर मंडळीच्या नेमानं त्याला यावं लागंल, येवढंच डोक्यात आलं. चार दिस जास्ती मिळालं असतं. लगीन मोडायचं न्हवतं मला."

"आणि तो आलाच नसता तर?"

"तर मी हरकत माघारी घेतली असती."

यावर माझा विश्वास बसला, आणि बसला याचाही मला राग आला. फिलिप शीळ घालत परत येत होता. "त्याला सांगू नगंस," मामा म्हणाले. मी सांगितलं नाही. आजपर्यंत नाही.

तिसऱ्या रविवारी चर्च इतकं भरलं होतं की नाताळालाही तेवढं भरत नाही. वडिलांनी सूचना वाचली. मामा उभे राहिले. "माझी हरकत व्हती ती काढून घेतो. पोरगं खरं बोललं. मी सोता बगितलं." खाली बसले. फिलिपनं वळून त्यांच्याकडं बघितलं आणि तो हसला. बाकांवरून सुटकेचा आवाज गेला, थोडा निराशेचाही.

वडिलांनी नियमाप्रमाणे पुन्हा विचारलं, "आणखी कुणाची हरकत?" आणि चष्मा काढायला हात वर नेला.

मी उभी राहिले.

"माझी आहे."

आईनं माझा पदर ओढला. तो सुटला तरी मी बसले नाही.

"ग्लॅडिस," वडील म्हणाले, "नवऱ्या मुलीला हरकत घेता येते का, हे मला पुस्तकात बघावं लागेल."

"बघा. पण आधी ऐकून घ्या. मार्चनंतर योहानमामा दौंडला एकटे राहणार असतील, तर मला हे लग्न मान्य नाही. आम्ही जिथं राहू तिथं ते आमच्याबरोबर राहतील. आजच ठरायला पाहिजे."

कुणी खोकलंसुद्धा नाही. फिलिपचं तोंड उघडं राहिलं होतं. मग हळूहळू त्याला कळत गेलं; ते मी त्याच्या चेहऱ्यावर बघितलं. ट्रॉलीमागं रुळात राहिलेले दगड त्याला आत्ता आठवत असावेत. तो उठला, मागच्या बाकापाशी गेला आणि आपल्या वडिलांच्या शेजारी बसला. त्यांच्या मांडीवरची टोपी त्यानं उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवली.

"तितं समदं रोमन हाय," मामा हळूच म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"आपण घरी उपासना करू," मी म्हटलं.

"मासळी खात्यात."

"तुम्हीही खाता, मामा."

वडील पुस्तक उघडून उभे होते. मंडळी वाट बघत होती. मामांनी एकदा फिलिपकडं बघितलं, एकदा त्याच्या मांडीवरच्या टोपीकडं, आणि बाकाला धरून उठले.

"हरकत माघारी घे, पोरी," ते म्हणाले. "माझी पेटी काय लई मोठी न्हाई."